बाबांच्या नावावरचा माल

दरवर्षी बारावीच्या वर्गात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते : समृद्धी कशाने येते, मोकळ्या बाजाराने की सरकारी नियोजनाने? मुलं प्रश्न वहीत उतरवतात आणि पेन उचलून खालच्या ओळीची वाट पाहतात. खालच्या ओळीत उत्तर असतं आणि उत्तराला गुण असतात, हे त्यांना माहीत आहे. उत्तर ठरलेलं आहे. याचे चार फायदे, त्याचे चार फायदे, याचे तोटे, त्याचे तोटे, आणि शेवटी 'म्हणून आपल्या देशाने मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली.' अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं मी हे वाक्य लिहून देते आहे आणि दरवर्षी ते लिहिताना माझं डोकं फिरतं.

मिश्र अर्थव्यवस्था मला पुस्तकात भेटलीच नाही. ती आमच्या घरी जेवायला बसायची. एका पाटावर बाबा, दुसऱ्या पाटावर मामा.

बाबा कापसाच्या सरकारी खरेदीत ग्रेडर होते. तेव्हा शेतकऱ्याने कापूस विकायचा तो सरकारलाच, दुसऱ्या कोणाला नाही, असा कायदा होता. सारं वऱ्हाड बैलबंड्या जुंपून खरेदी केंद्रावर रांगेत उभं राहायचं. बंडी पुढे आली की बाबा कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळाचा कापूस उपसून काढायचे, चिमटीत ओढून धागा बघायचे. मग दोनपैकी एक शब्द. 'पास' नाहीतर 'वापस'. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची आणि वजनकाट्याजवळ सावलीत बसून हे ऐकायची. तीन दिवस रांगेत काढलेला माणूस 'वापस' ऐकून बाबांना काय काय बोलायचा, तेही ऐकायची. बाबा पुढच्या बंडीत हात घालायचे.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. अकोल्याला अडत्या. शेतकऱ्याचा माल बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, उभा करून विकून द्यायचा, आणि भाव बरा दिसला तर स्वतःच घेऊन टाकायचा, हा त्यांचा धंदा. सरकारी खरेदीच्या काळात त्यांनी आणखी एक धंदा केला. हिवरखेडच्या वरून सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात कापूस न्यायचा. तिकडे भाव जास्त, पैसे हातोहात, रांग नाही. कायद्याने ती चोरी होती. मामा हे बाबांच्याच समोर, बाबांच्याच ताटाशेजारी बसून सांगायचे.

'चोरी कायची, भाऊजी? ज्याचा माल त्यानं खुशीनं देला, ज्याले पाह्यजे त्यानं खुशीनं घेतला. मंधात मी. याच्यात चोर कोन?'

'मंधातलाच,' बाबा म्हणायचे आणि भाकर मोडायचे.

एकदा मामांच्या स्वतःच्या शेताची बंडी बाबांच्या केंद्रावर आली. वरचा कापूस पांढराफेक, तळाला ओला आणि कवडी, म्हणजे किडका चिकटलेला. वजन वाढावं म्हणून पाणी शिंपडलं होतं. बाबांनी हात घातला, काढला, मेहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'वापस' म्हणाले. मायने आठ दिवस बाबांशी अबोला धरला. मामा मात्र त्याच संध्याकाळी जेवायला हजर. त्यांना बाबांचा राग कधीच येत नसे, हेच बाबांना सहन होत नसे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं तेव्हा दोघांनाही वाटलं की आता घरात न्यायाधीश आला. दोघंही साक्ष द्यायला तयार. बाबांना विचारावं, बंड्या तीन-तीन दिवस रांगेत का सडतात, तर म्हणत, 'काटे कमी हायेत.' पुढच्या वर्षी काटे वाढले, तर 'मानसं कमी हायेत.' त्यांच्या नियोजनात नेहमी कुठलीतरी एकच वस्तू कमी पडलेली असायची आणि ती आली की सुबत्ता दारात उभीच. मामांना विचारावं, हंगामात सगळा माल एकदम आला की सगळे व्यापारी एकाच दिवशी भाव कसा पाडतात, तर म्हणत, 'सरकारनं लुडबुड केली म्हनून.' त्यांचा बाजारही नेहमी एकाच अडथळ्याने अडलेला. त्या दोघांनी मला इतकं पिळलं की पुढे आयुष्यात कोणी 'तुमचं मत काय' म्हणून विचारलं की मला जांभई येते.

यथावकाश ती सरकारी सक्ती संपली. बाबा निवृत्त झाले, दर्यापूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी सहा एकर काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर पेरू लागले. आता कोणीही कोणालाही विकावं. सरकार फक्त हमीभाव जाहीर करतं आणि भाव पडले की खरेदी केंद्र उघडतं. मला वाटलं, चला, संपला वाद. कसला संपतो!

दोन-तीन वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या शेंगा भरत असताना, बाबा वावरात घसरून पडले. काळ्या मातीत पाय गेला, गुडघा पिरगाळला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दुपारभर तुरीच्या ओळीत पडून राहिला. मोबाइल ते बाळगत नाहीत. दिवस कलताना शेजारच्या वावरातल्या माणसाला दिसले. मी अमरावतीहून धावत गेले तर खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

'वावरात पडलो, हिरीत नाई,' म्हणाले.

माझा संताप झाला. मी म्हटलं, आता शेत ठोक्याने द्यायचं. ठोका म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून शेत दुसऱ्याला कसायला देणं. आमच्याकडे ते पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतं. ज्याने बाबांना उचलून आणलं तोच घ्यायला तयार होता, माणूस चांगला होता. बाबा ऐकेनात. मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. 'बाबा, तुमच्या हातचं आता काही पास होण्यासारखं राहिलं नाही. तण माजलंय, ओळी वाकड्या गेल्यात. लोक हसतात.'

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. 

'ठीक हाय,' म्हणाले. 'यंदाचं सोयाबीन सरकारी काट्यावर जाईन. सरकारनं माहा माल पास करून घेतला, तं वावर माह्याकडं. वापस केला, तं पाडव्याले ठोक्यानं दे. मी एक शबुद बोलनार नाई.'

म्हणजे सहा एकरांचं भवितव्य आता एका अनोळखी ग्रेडरच्या हातात गेलं. त्या वर्षी बाजारात सोयाबीनचा भाव हमीभावाच्या बराच खाली होता, त्यामुळे सरकारी केंद्रावर झुंबड उडणार हे उघड होतं. मामांनी तर अकोल्याहून फोनच केला : 'भाऊजी, कायले जीव काढता? मी उद्या गाडी पाठवतो. माल काट्यावर, पैसे हातावर.' बाबांनी फोन मायच्या हातात परत दिला.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

केंद्रावर आधी नोंदणी करावी लागते. सातबारा, त्याच्यावर पीकपेरा, आधार, बँकेचं पासबुक. आमच्या गावात घरोघरी या कागदांच्या झेरॉक्सची एक प्लास्टिकची पिशवी खिळ्याला टांगलेली असते, कारण कधी कोणती योजना काय मागेल सांगता येत नाही. आणि जो मागेल त्याला लोक ती पिशवी देतात. शिडी द्यावी तशी. विमावाल्याला, सोसायटीवाल्याला, उमेदवाराच्या माणसाला. मी वर्गात ओरडून सांगते, कागद म्हणजे तुमची सही आहे, कोणाला देऊ नका. आणि नोंदणीच्या रांगेत उभं राहायची वेळ आली तेव्हा माझे सहामाहीचे पेपर तपासायचे होते, रजा शिल्लक नव्हती, आणि दिवाळीला घरी आलेले मामा म्हणाले, 'दे इकडं. माहा मुनीम रोज तिथंच असते. नोंदून टाकीन.'

मी खिळ्यावरची पिशवी काढून दिली. एका अडत्याच्या हातात. हमीभावाच्या केंद्रात नोंदणी करण्यासाठी. कुंपणाला शेत राखायला सांगितलं आणि वर चहाही पाजला. का, तर घरचा माणूस.

बाबांनी मात्र त्या मालासाठी जिवाचं रान केलं. मळणी झाल्यावर अंगणात ताडपत्री पसरून रोज ऊन द्यायचे. ऊन उतरलं की गोळा करायचे. दुखऱ्या गुडघ्याने खाली बसून चाळणीने चाळायचे. काडी, खडा, फुटकी डाळ, हिरवा दाणा वेगळा. दर दोन तासांनी एक दाणा दाताखाली घेऊन ऐकायचे. कट्‌ वाजला तर वाळला. केंद्रावर ओलाव्याचं यंत्र बारा टक्क्यांच्या वर गेलं तर माल परत, हे त्यांना पाठ होतं. 'बाबा, यंत्र आहे तिथं, दात कशाला झिजवता?' मी म्हटलं. 'यंत्रात माल घालाच्या आंधी कोनं पाहाव?' ते म्हणाले. मी शनिवार-रविवारी जायची तेव्हा पोती भिंतीशी लाकडी फळ्यांवर लावलेली दिसायची. पोत्यांची तोंडं शिवलेली नव्हती. ग्रेडरला हात घालायला सोपं जावं म्हणून.

मग वाट पाहणं सुरू झालं. तुमचा नंबर लागला की मोबाइलवर मेसेज येतो आणि त्या दिवशी माल न्यायचा, अशी पद्धत. शेजाऱ्यांना मेसेज येऊ लागले. आम्हाला नाही. मध्येच केंद्र बंद पडलं. माल आहे, काटा आहे, माणूस आहे, पण बारदाना नाही. ज्या देशात पिशवीशिवाय भाजी आणायला कोणी बाहेर पडत नाही तिथे खरेदी केंद्र उघडलं आणि पोती विसरले! मी बाबांना फोनवर म्हटलं, 'बघा तुमचं नियोजन.' पलीकडून उत्तर आलं, 'बारदाना कमी हाय.' मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

बारदाना आला. पुन्हा मेसेज सुरू झाले. आम्हाला नाहीच. मामांना विचारलं की 'पोर्टल सुस्त हाय, येईन, येईन.' मी स्वतः शोधून पाहायचा प्रयत्न केला तर पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं आणि शेवटी मलाच पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. खरेदीची मुदत संपत आली. बाबा आता विचारत नव्हते. फक्त माय फोनवर म्हणाली, 'बाई, थे पोत्याइपाशी जाऊन बसून राह्यले रोज.'

शेवटी बिनपगारी रजा टाकून मी बाबांना घेऊन केंद्रावर गेले. बाबांनी एका कापडी पिशवीत नमुना घेतला होता आणि धुतलेला सदरा घातला होता. संगणकापुढच्या माणसाने आधारचा नंबर टाकला, पडदा पाहिला आणि हसला.

'काका, तुमचं तं झालं. मोजून पंधरा दिवस झाले.'

'कोनाचं?'

'तुमचंच. नाव तुमचं, गट नंबर तुमचा. एका सातबाऱ्यावर एकदाच घेता येते. हे पाहा.'

त्याने पावतीच छापून हातात दिली. बाबांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, वजन. सगळं बरोबर. बाबांनी पिशवी उघडली आणि मूठभर दाणे त्याच्या टेबलावर ठेवले.

'मंग हे काय होय?'

तो माणूस दाण्यांकडे पाहत राहिला. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मोबाइल नंबरच्या रकान्यात मुनीमाचा नंबर, आमच्या सातबाऱ्यावर मामांचा माल. गावोगावचं स्वस्तात घेतलेलं सोयाबीन बाबांच्या नावाने सरकारच्या गळ्यात. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी विचारलं, 'ओलावा किती लागला?'

'दहा.'

'काडीकचरा?'

'काईच नाई, काका. एकदम साफ माल. पास.'

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या ग्रेडरने चांगलं काम केलं की हलवावी तशी. मग टेबलावरचे दाणे एक-एक करून पिशवीत परत भरले आणि परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मामा रविवारी आले. मी दारातच गाठलं, तोंडाला येईल ते बोलले. मामा शांतपणे ओसरीवर बसले.

'पानी उताराकडं जाते, बाई. बाजारात भाव खाली, सरकारात वर. माल तिकडंच जाईन का नाई? हा उतार कोनं केला, मी? तुह्याच पुस्तकात असन हे.'

'कागद आमचे होते, मामा.'

'घरचेच तं होते.'

आणि वाईट याचं वाटतं की पुस्तकात खरोखर आहे ते. जन्मभर सरकारी लुडबुडीला शिव्या देणारा हा माणूस सरकारी भावावरच पोट भरत होता, आणि मला त्याच्या तोंडावर फेकायला एक धड वाक्य सुचत नव्हतं. मामा मग बाबांकडे वळले.

'भाऊजी, नुसकान तुमचं होऊ देनार नाई. तुमचा सारा माल मीच घेतो. हमीभावानं. आत्ता, अंगनात, तुमच्यासमोर मोजून. तुमाले भावाशी मतलब का काट्याशी?'

खरं सांगते, एका क्षणाला मला वाटलं, घ्या आणि मोकळे व्हा. भाव तोच, रांग नाही, चाळणी सुटली. बाबा सुपारी कातरत राहिले.

'साळ्यानं भाव देला तं थो भाव नसते,' ते म्हणाले. 'थो आहेर असते.' मग : 'केंद्रावर साफ माल होता म्हने तुहा.'

'चाळून घेतला होता दोनदा.'

'चांगला चाळला,' बाबा म्हणाले. बस, एवढंच. मामांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मला तक्रार करायची होती. अर्ज लिहूनही काढला. माय स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. 'कर तक्रार. पन भाऊबीजेले मी कोनाले ओवाळू, थेवढं त्याच्यातच लिहून दे.' आणि अर्जातला दुसरा परिच्छेद असा होता की सदर कागदपत्रे अर्जदाराने स्वतः, राजीखुशीने, अडत्यास दिली. अर्जदार अर्थशास्त्राची अध्यापिका. मी तो फाडला. सरकारी पैसे बाबांच्या खात्यात आले ते बाबांनी मामांना काढून दिले. 'माल त्याचा, पैसे त्याचे,' म्हणाले. मी चिडून म्हटलं, मग नाव कोणाचं? थंडी सरता सरता बाबांनी आपलं सोयाबीन दर्यापूरच्या बाजारात हर्रासाला उभं केलं, अनोळखी अडत्याकडे, आणि आला त्या भावाला दिलं. त्यातली चार पोती मात्र घरी ठेवून घेतली. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पाडवा आला. मामा आले होते, ठोक्याने शेत घेणाऱ्यालाही बोलावणं गेलं होतं. पण त्या हिवाळ्याने माझं मन पालटलं होतं. रिकाम्या ताडपत्रीकडे पाहत बसलेले बाबा मी चार महिने पाहिले होते. तेव्हा ज्या ठोक्यासाठी मी भांडले होते तोच मला नको झाला होता. गुढी उभारल्यावर मी कपाटातून पावती काढली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, 'बाबा, अट पूर्ण झाली. सरकारने तुमचा माल पास केला आहे. हे बघा, लिहिलंय. वावर तुमच्याकडंच राहील.'

'कागद बोलते, भाऊजी,' मामा लगेच म्हणाले. 'तुमी जिकले.'

'हो म्हना आता,' माय म्हणाली.

सगळा जन्म एकमेकांच्या विरुद्ध बसलेल्या या घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं. एका खोट्या पावतीवर. आणि ती पुढे केली होती मी.

बाबांनी चष्मा लावला. पावती सगळी वाचली, वजनापर्यंत. घडी घालून माझ्या हातात परत दिली.

'याच्यावर मी हो म्हनलो,' ते म्हणाले, 'तं तीस वर्सं लोकाइच्या बंड्या काहून वापस केल्या मी?'

मामा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ गुढीकडे तोंड करून उभे राहिले. शेत घेणारा आला तेव्हा बाबांनीच त्याच्या हातात नारळ दिला. मी आत जाऊन रडले. स्वतःचाच इतका राग आला होता की रडूही नीट येईना.

पुढची गोष्ट जूनची. मृग लागून गेला होता आणि दुकानांत बियाण्याची मारामार चालली होती. पाहिजे ती पिशवी मिळेना, आणि मिळाली ती उगवेल याचा कोणी शब्द देईना. ठोकेवाला सकाळीच घरी आला. म्हणाला, 'काका, तुमी चार पोते ठेवले होते न?'

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. गोणपाटाचा तुकडा भिजवला, पोत्याच्या तळातून शंभर दाणे काढून त्यावर ओळीने मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि त्याला चार दिवसांनी यायला सांगितलं. पाऊस डोक्यावर आणि हा माणूस चार दिवस थांबवतो म्हणून ठोकेवाल्याने मला अमरावतीला फोन केला. मी बाबांवर ओरडले. 'शेत त्याचं, घाई त्याची, तुम्ही कोण अडवणारे?' 'बेनं माहं हाय,' म्हणाले. चौथ्या दिवशी गुंडाळी उघडली तेव्हा जवळजवळ सगळ्या दाण्यांना मोड आले होते. बाबांनी ते ठोकेवाल्याकडून दोनदा मोजून घेतले आणि मग पोती दिली.

पेरणीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी गावी गेले. बाबा घरी नव्हते. माय म्हणाली, 'कुठं असतीन? दुसऱ्याच्या वावरात.' शेत ठोक्याने दिल्यापासून रोज सकाळी तिथेच असायचे. आम्ही त्यांना म्हातारपणी पायपीट नको म्हणून सोडवलं होतं, आणि ते आता त्याच चिखलात बिनपगारी जात होते.

बांधावर ठोकेवाला भेटला, तो माझ्याहून वैतागलेला. 'मॅडम, काकाले समजवा तुमी. रोज ओळी मोजून राह्यले. कुठं दाना कमी पडला थे मले दाखवून राह्यले.'

'बियाण्याचा भाव काय ठरला?' मी विचारलं. बावीस वर्षांची खोड.

तो गोंधळला. 'भाव तं काकानं सांगतलाच नाई. म्याही इचारला नाई अजून.'

मी बाबांना तेच विचारायला वावरात शिरले. चपला चिखलात रुतल्या, त्या हातात घेतल्या. रोपांना जेमतेम दोन पानं फुटली होती आणि ओळी सरळ होत्या, मी ज्यांना वाकड्या म्हणाले होते त्याच जागी. बाबा दुखरा गुडघा टेकून खाली बसले होते. एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसून ओल पाहत होते. मग पुढचं रोप. मग त्याच्या पुढचं. ठोकेवाला माझ्या मागोमाग आला आणि काम खोळंबलेलं असूनही गप्प उभा राहिला.

'मंग, काका?' त्याने शेवटी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे हात केला. मी खांदा दिला. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी त्या टोकापासून या टोकापर्यंत शेतावर एकदा नजर फिरवली.

'पास,' ते म्हणाले, आणि ज्याचं आता ते शेत होतं तो कामाला लागला.